बेडूक खोटा, झडप खरी!

उन्हाळ्यातली संध्याकाळ. दिल्लीच्या वेशीवर, यमुनेच्या खादरात गुडघाभर पाण्याचे एखादे डबरे. कडेने पाणकणसाचे दाट रान, पाण्यावर जलपर्णीची हिरवी गादी आणि मधूनमधून ताटाएवढी मोकळी जागा. काठावरचा माणूस हातातली काठी झटकतो. एक छोटासा हिरवा बेडूक हवेतून जातो आणि ‘टप’ करून जलपर्णीच्या पानावर पडतो. क्षणभर तसाच बसतो. मग एक उडी, आणखी एक उडी, आणि पानावरून घसरून तो मोकळ्या पाण्यात येतो. तोच पाणी फुटते! ‘डुब्‌’ असा घुमणारा आवाज होतो, बेडूक नाहीसा होतो आणि काठी कमानीसारखी वाकते.

गंमत अशी, की हा बेडूक रबराचा असतो!

गळाने मासे धरायचे म्हटले, की आपल्यापुढे एकच चित्र उभे राहते. आकड्याला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची आणि बगळ्यासारखे तासन्‌तास बसून राहायचे. इथे मात्र बसून राहणे नाही. खोटे आमिष फेकायचे, ते हातातल्या काठीने जिवंत करायचे आणि माशाला भुलवायचे. अमेरिकेत ‘बास’ नावाच्या गोड्या पाण्यातील माशासाठी हा खेळ लाखो लोक खेळतात. दिल्लीच्या परिसरात बास नाही. पण त्याची जागा घेणारी, किंबहुना त्याच्याहून तिखट अशी एक देशी सरदारीण इथल्या दलदलीत आहे. तिचे नाव मरळ. उत्तरेत तिला ‘सौल’ म्हणतात.

कोण ही मरळ?

मरळ आपल्याला परकी नाही. विदर्भ-मराठवाड्यातील तळ्यांत ती सापडते आणि बाजारात पाण्याच्या टोपात जिवंत विकली जाते. काटे कमी आणि मांस घट्ट, म्हणून आजारातून उठलेल्या माणसाला तिचा रस्सा देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तेलंगणाने तर तिला राज्याचा मासा म्हणून मान दिला आहे. हैदराबादेत मृगाच्या तोंडावर दम्याच्या रोग्यांना मरळीचे जिवंत पिल्लू गिळायला देतात, तेही अनेकांनी ऐकले असेल. त्या औषधाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही, हा भाग वेगळा.

अंग लांबोडे, डोके सापासारखे चपटे, जबड्यात अणकुचीदार दात. म्हणूनच इंग्रजीत या कुळाला ‘स्नेकहेड’ म्हणजे सर्पमस्तक असे नाव पडले. साधारण हातभर लांबीची मरळ नेहमी मिळते. क्वचित ती मीटरभरही वाढते. ती पाठलाग करीत नाही, दबा धरते. गवताच्या आडोशाला निश्चल राहायचे आणि वरून बेडूक, उंदीर, छोटा मासा किंवा मोठा किडा गेला, की एका झेपेत गट्ट करायचा!

पण तिची खरी करामत आहे श्वासाची. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतून घेतो, हे शाळेतली मुलेही सांगतील. मरळीला तेवढ्याने भागत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर खास पोकळ्या असतात. ती दर थोड्या वेळाने पृष्ठभागावर येते, हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. तिला वर येऊच दिले नाही, तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरून मरते! याच शक्तीमुळे जिथे रोहू-कटला तग धरणार नाहीत, अशा कोमट, गढूळ आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात ती जगते. तळे आटले तर ओल्या चिखलात दडून पावसाची वाट पाहते.

लाकडी बेडकापासून रबरी बेडकापर्यंत

खरे खाद्य फुकट मिळत असताना खोटे कशाला, असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर माशाच्या स्वभावात आहे. दबा धरणारा मासा चव घेऊन किंवा वास घेऊन ठरवीत नाही, तो हालचालीवर झडप घालतो. विचार करायला थांबला, तर भक्ष्य निसटते. म्हणून आमिष दिसते कसे यापेक्षा ते चालते कसे, याला महत्त्व.

फिनलंडमधला लाउरी रापाला हा गरीब कोळी. मोठे मासे छोट्या माशांच्या थव्यात शिरतात तेव्हा लंगडत, डुलत पोहणाऱ्या माशालाच नेमके पकडतात, हे त्याने पाहिले. १९३६ साली त्याने बुचाचे लाकूड कोरून तसाच डुलणारा मासा बनवला. वर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून त्याचा मुलामा दिला. पुढे त्याचे नाव जगभर पोहोचले. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिशिगन राज्यात जेम्स हेडन लाकडाचे बेडूक कोरीत असे. त्याने सहज तळ्यात भिरकावलेल्या लाकडाच्या तुकड्यावर बासने झडप घातली आणि त्यातून त्याला कल्पना सुचली, अशी कथा सांगतात.

आजचा बेडूक मऊ आणि पोकळ असतो. त्याच्या पोटातून जोडगळ बाहेर येतो, पण दोन्ही टोके वर वळून पाठीला चिकटलेली असतात. त्यामुळे तो पानांवरून, शेवाळावरून, काटक्यांवरून सरपटत येतो, तरी कुठे अडकत नाही. माशाने जबड्यात दाबला, की पोकळ अंग चेपते आणि टोके उघडी पडतात. उथळ, गवताळ पाण्यात दुसरे आमिष दर फेकीला पालापाचोळा घेऊन येईल, तिथे हा रबरी गडी सुखाने फिरतो.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूची. पूर्वी मरळीसाठी जिवंत बेडूकच गळाला टोचत. ही क्रूर पद्धत अजूनही कुठे कुठे दिसते. बेडूक शेतातले आणि घराभोवतालचे किडे खातो. त्याच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशाने १९८७ साली बंद केली आणि मोठ्या देशी बेडकाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा रबरी बेडूक वापरला, तर निदान एक मुका जीव वाचतो.

हातातली कला

सामान फार लागत नाही. साडेसहा-सात फुटांची ताठ काठी, मजबूत रीळ आणि विणलेली दोरी. साधा तंगूस ताणला जातो आणि गवतात चिरतो. शिवाय गळ लागताच मरळ थेट मुळांच्या जंजाळात घुसते. तिला पहिल्या दोन-तीन क्षणांत वर ओढले नाही, तर दोरी गवताला गुंडाळून ती सुटलीच म्हणून समजा. बेडूक शे-दोनशे रुपयांपासून मिळतो. रंगाची चिंता नवशिक्याने करू नये; हिरवा किंवा काळा पुरतो.

वेळ सकाळची पहिली दोन तास किंवा दिवस मावळतानाची. दिल्लीची कडाक्याची थंडी मरळीला सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत ती सुस्त पडते आणि आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. होळीनंतर ऊन तापू लागले, की तिला भूक लागते. पावसाळा सरल्यावर पुन्हा महिना-दीड महिना चांगला जातो.

आधी दहा मिनिटे नुसते पाहावे. मरळ श्वासाला वर येते तेव्हा पाण्यावर हलके वर्तुळ उठते, कधी बारीक ‘पुच्‌’ असा आवाज येतो. बेडूक त्या जागेवर नव्हे, तर तिच्या दोन-तीन हात पलीकडे टाकावा आणि तिथून आणावा. थोडे ओढावे, थांबावे. पुन्हा ओढावे, पुन्हा थांबावे. बहुतेक झडपा थांबण्याच्या क्षणी येतात.

आणि पाणी फुटले, की नवशिका हमखास एक चूक करतो. दचकून काठी ओढतो! बेडूक माशाच्या तोंडातून निसटून त्याच्याच अंगावर येतो. जाणकार मनात ‘एक, दोन’ म्हणतात, दोरी जड लागली याची खात्री करतात आणि मगच हिसका देतात. ते दोन अंक मोजायला शिकण्यातच कित्येकांचा पहिला मोसम निघून जातो.

डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच. हिसका चुकला तर गळ गोळीसारखा परत येतो. दलदलीत एकट्याने जाऊ नये आणि तळ न पाहता पाण्यात उतरू नये. गवतात साप असतात आणि चिखल किती खोल आहे, हे वरून कळत नाही. मुले बरोबर असतील तर ती कोरड्या, भक्कम काठावरच असावीत.

दिल्लीत दलदल कुठे?

काचेच्या इमारती आणि उड्डाणपुलांच्या या शहरात दलदल कुठली, असा प्रश्न पडेल. पण दिल्ली ही मुळात पाणथळींच्या शेजारी वसलेली नगरी आहे. मराठी माणसाला तर तिची ओळख इतिहासातूनच आहे. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे जिथे पडले, तो बुराडी घाट याच यमुनेच्या काठी. तिथल्या पात्रातील उंच झाऊच्या आणि गवताच्या आडोशाने शत्रू चालून आला होता. त्याच बुराडीजवळ, जगतपूर गावापाशी, आज यमुना जैवविविधता उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ यांनी तिथे उजाड जमिनीवर जुन्या पाणथळी पुन्हा उभ्या केल्या आहेत.

दक्षिणेला ओखला. आग्रा कालव्यासाठी १८७४ च्या सुमारास इथे बंधारा झाला आणि इंग्रजी अमदानीत ती गळ टाकणाऱ्यांची आवडती जागा बनली. आज तिथे पक्षी अभयारण्य आहे. १९९० पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. गुरुग्रामजवळचे सुलतानपूर १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. झज्जर जिल्ह्यातील भिंडावास आणि सुलतानपूर या दोन्ही पाणथळींना २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत स्थान मिळाले. या सगळ्या ठिकाणी दुर्बीण घेऊन जरूर जावे, गळ घेऊन नव्हे. अभयारण्यात मासे धरणे गुन्हा आहे.

मग छंद पुरवायचा कुठे? दिल्लीच्या हद्दीत नदीवर गळ टाकायला मत्स्यविभागाचा परवाना लागतो. हरियाणातील गावांचे जोहड, म्हणजे गावतळी, बहुधा पंचायतीकडून मत्स्यपालनासाठी ठेक्याने दिलेली असतात. ठेकेदाराची परवानगी घेतली, तर बहुतेक वेळा नकार येत नाही. मरळ ही त्याच्या रोहूची पिल्ले खाणारी चोर असते आणि ती कुणी धरून नेली, तर त्याला आनंदच होतो. आपल्याकडे मुंबईच्या पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संघटना आहे आणि तिचे सभासद होऊन शिस्तीत गळ टाकता येतो. तशी सोय दिल्लीच्या दलदलीत नाही. म्हणून शिस्त ज्याची त्याने पाळायची.

आणि एक सूचना गृहिणींसाठीही! दिल्ली शहरातील यमुनेत धरलेला मासा कढईत जाऊ देऊ नये. वजिराबादपासून ओखल्यापर्यंतचे नदीचे पात्र जेमतेम २२ किलोमीटर, म्हणजे यमुनेच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहून कमी. पण नदीतील प्रदूषणाचा सर्वांत मोठा वाटा याच पट्ट्यातून येतो. इथल्या माशांत जड धातू आढळल्याचे अभ्यास आहेत. ‘मासा जिवंत आहे, म्हणजे पाणी बरे असेल’ हा हिशेब मरळीच्या बाबतीत तर अगदीच फसवा आहे. ती हवेवर जगते. पाण्याची साक्ष तिच्याकडून काढता येत नाही.

आईबापाची झडप

या छंदात एक जागा अशी आहे, की जिथे चांगला गळवाला आणि नुसता हौशी यांतला फरक कळतो.

पावसाळा लागला, की मरळीची जोडी गवत बाजूला सारून उथळ पाण्यात गोल जागा करते. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आईबाप खाली पहारा देतात. पिल्ले बाहेर पडली, की पाण्यावर एक नवल दिसते. शेंदरी रंगाची शेकडो पिल्ले एकमेकांना धरून चालल्यासारखी एका घोळक्याने फिरतात. तीही हवेचा घोट घ्यायला वर येतात, तेव्हा पाणी उकळल्यासारखे दिसते. त्या घोळक्याच्या खाली, सावलीसारखे, आईबाप असतात. बगळा आला, बेडूक आला, दुसरा मासा आला, की ते उसळून अंगावर जातात.

हे कळल्यावर मोह होतो. घोळका दिसतोच, तेव्हा मासा कुठे आहे ते शोधावेही लागत नाही. शेंदरी घोळक्यावरून रबरी बेडूक नेला, की झडप हमखास. मासाही मोठा. फोटो छान येतो.

पण ही झडप भुकेची नसते. पिल्लांवर चालून आलेला शत्रू म्हणून आई किंवा बाप त्या बेडकावर तुटून पडलेला असतो. त्याला वर काढले, की खालची पिल्ले उघडी पडतात आणि छोटे मासे व पक्षी त्यांचा फडशा पाडतात. मासा नंतर सोडून दिला, तरी तोवर उशीर झालेला असतो. एका फोटोपायी त्या तळ्याचा पुढच्या वर्षांचा मोसम संपतो.

बासचेही असेच आहे. त्याचा नर घरट्यावर पहारा देतो आणि म्हणून अमेरिका-कॅनडाच्या काही भागांत विणीच्या काळात बासची मासेमारी बंद ठेवण्याची प्रथा आहे. आपल्याकडेही अनेक राज्यांत पावसाळ्यात नद्यांतील मासेमारीवर बंधने असतात. पण एखाद्या खेड्याच्या जोहडावर कोण पाहायला येणार? तिथे कायदा नसतो, फक्त काठी धरणारा हात असतो. जुने गळवाले नवशिक्याला सांगतात, ‘लाल पाणी दिसले, की काठी मिटायची.’ नियम एवढाच.

मासा सोडायचा असेल तर गळाची उलटी आकडी आधीच पकडीने दाबून टाकावी, म्हणजे गळ सहज निघतो. मासा ओल्या हातांनी धरावा, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणावी. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात दरवर्षी घरटी करणारे रानचे चित्रबलाक चारा शोधायला यमुनेवर जातात. गवतात राहिलेली दोरी अशा पक्ष्यांच्या पायांत अडकली, की सुटत नाही.

पाहुणा मासा नको

एक मोह आणखी टाळायला हवा. इकडचा मासा तिकडच्या तळ्यात सोडण्याचा. जपानने १९२५ साली आशी सरोवरात हौसेने अमेरिकेची बास सोडली. ती देशभर पसरली, देशी मासे खाऊ लागली आणि २००५ मध्ये तिच्याविरुद्ध कायदाच लागू करावा लागला. विशेष म्हणजे, अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९३२ साली धरलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या, म्हणजे सुमारे दहा किलोच्या बासच्या जागतिक विक्रमाची बरोबरी झाली, ती २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात! पाहुणा तिथे इतका माजला होता.

उलट बाजूही आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन गावच्या तळ्यात मरळीची चिनी चुलतबहीण सापडली आणि देशभर घबराट उडाली. एका माणसाने आजारी बहिणीला सूप करून द्यायला दोन जिवंत मासे मागवले होते. ते येईतो बहीण बरी झाली, आणि मासे गेले तळ्यात! सरकारला तळ्यात विष घालावे लागले. दोन वर्षांनी हेच मासे पोटोमॅक नदीतही आढळले आणि आज तिकडचे बासवाले त्यांना धरतात. कशाने? त्याच पोकळ रबरी बेडकाने! आपल्याकडेही थाई मांगूरवर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो आणि नद्यांत पोहोचतो. मरळ आपल्या दलदलीत सरदारीण आहे, परक्या तळ्यात ती दरोडेखोर ठरते.

दलदल मात्र खरीच लागते

नजफगडचे जुने झील एके काळी पावसाळ्यात कोसच्या कोस पसरत असे. साहिबी नदीचे पाणी तिथे थांबून मग यमुनेला मिळे. पाणी काढून लावण्यासाठी खणलेला कालवा १९६० च्या दशकातील पुरांनंतर रुंद करण्यात आला, झील आकसले आणि आज त्या वाटेला लोक नजफगड नाला म्हणून ओळखतात. यमुनेत सर्वाधिक घाण आणणारा नाला तोच. दलदल म्हणजे डास आणि दुर्गंधी, ती बुजवलीच पाहिजे, अशी आपली समजूत असते. पण पुराचे पाणी सामावून घेणारी, ते जमिनीत मुरवणारी आणि उन्हाळ्यात विहिरींना पुरवणारी तीच असते.

माणसाने बेडूक रबराचा केला, मासा लाकडाचा केला, गांडूळ प्लॅस्टिकचे केले आणि मासे त्यांना फसलेही. पण या सगळ्या खोट्या वस्तू चालतात त्या खऱ्या गवतात, खऱ्या चिखलात, खऱ्या पाण्यावर. ते उरले नाही, तर महागातला महाग बेडूकही मुलांच्या खेळण्यातच जमा होईल.

सुट्टीच्या दिवशी कुणी काठी घेऊन निघाला, तर घरच्यांनी त्याला एवढेच विचारावे: परवाना घेतलास का, पावसाळा लागला नाही ना, आणि दोरी परत आणशील ना? मासा मिळाला का, हे संध्याकाळी विचारले तरी चालेल.